वीस पावलं अलीकडे

घरतमास्तर कुणाच्याही घरी गेले की दारापासून वीस पावलं अलीकडे थांबत असत. घर सख्ख्या मेहुण्याचं असो नाहीतर स्टेशन मास्तरांचं, वीस पावलं राहिली की त्यांचे पाय आपोआप थांबायचे. हातातली पिशवी खाली ठेवायची, शर्ट ओढून सारखा करायचा आणि दाराकडे बघत उभं राहायचं. आतून कुणी पाहिलं, हात केला, की मग पुढे. तेही इतक्या सावकाश की हे आजाऱ्याला भेटायला आले आहेत असं वाटावं.

मी बदलून पनवेलला आलो तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. रेल्वे क्वार्टर्समध्ये त्यांची इमारत आमच्या समोरच होती. आम्ही नवे, म्हणून बायकोने ओळखीसाठी त्यांना जेवायला बोलावलं. साडेबाराची वेळ दिली होती. बरोबर साडेबाराला ते आमच्या इमारतीसमोरच्या पाण्याच्या टाकीपाशी येऊन उभे राहिले आणि पाऊण वाजला तरी तिथेच होते.

"अहो, तुमचे ते मास्तर टाकीशी काही बोलतायत का बघा," बायको म्हणाली.

मी खिडकीत जाऊन हात हलवला. तसे ते निघाले. दारात आल्यावर मी विचारलं, "घर सापडलं नाही का?"

"सापडलं ना. सिग्नल नव्हता," असं म्हणून त्यांनी चपला काढल्या आणि पाट कुठे मांडलाय ते विचारलं.

हा सगळा यार्डाचा प्रताप. इंजिन डब्यांना जोडायचं असतं तेव्हा ते सरळ नेऊन भिडवायचं नाही असा नियम आहे. वीस मीटर अलीकडे ते पूर्ण उभं करायचं. शंटिंग मास्टरने, म्हणजे डबे जोडायचं-सोडवायचं काम बघणाऱ्या घरतमास्तरांसारख्या माणसाने, सगळं डोळ्यांखालून घालायचं, कुणी मध्ये नाही ना ते पाहायचं, मग हाताने इशारा करायचा. मग इंजिनाने पायी चालणाऱ्याच्या वेगाने यायचं आणि डब्याला लागायचं. घरतमास्तरांनी हे तीस-बत्तीस वर्षं दिवसातून पंचवीस वेळा केलं. इंजिन थांबून थांबून शेवटी माणूसच थांबायला लागला.

मुंबईच्या माणसाला विचारा, तुमचं शहर कशावर चालतं? तो गिरण्यांच्या आठवणी काढेल, बँकांची नावं घेईल. ज्या इमारतीत बसून तो हे सांगतो तिचं सिमेंट आणि सळ्या, त्याच्या रेशन दुकानातला गहू, त्याच्या घरातला परदेशी पंखा, ह्यातलं बरंचसं आमच्या डोळ्यांदेखत गेलेलं असतं, हे त्याच्या गावीही नसतं. आमच्याकडे चार बाजूंनी रूळ येतात. दिव्याकडून, कर्जतकडून, रोह्याकडून आणि उरणच्या बंदराकडून. बंदरातून लोखंडी खोक्यांच्या गाड्या निघायच्या, देशभरातून तसल्याच गाड्या बंदराकडे जायला यायच्या, कळंबोलीला धान्य आणि लोखंड उतरायचं. आणि गाडी ज्या तोंडाने आली त्याच तोंडाने पुढे जाईल याचा नेम नाही. मग या टोकाचं इंजिन काढून त्या टोकाला लावा, त्या टोकाचा गार्डाचा डबा या टोकाला आणा. तेवढ्यात कुठल्या तरी डब्याचं चाक तापलेलं सापडायचं. तो गाडीच्या पोटातून काढून आजारी डब्यांच्या लाइनीवर नेऊन ठेवा. एवढा खटाटोप केल्यावर कुठे गाडी पुढे जायची.

हा खटाटोप ज्याच्या हाताच्या इशाऱ्यावर चालतो तो शंटिंग मास्टर. माझं काम फारच गरीब होतं. आलेल्या गाडीच्या शेजारून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायचं आणि प्रत्येक डब्याचा नंबर वहीत लिहायचा. त्यामुळे घरतमास्तर मला नावाने कधी हाक मारत नसत. "नंबरवाले" म्हणत. माझं अक्षर यार्डात सगळ्यांत सुंदर होतं, पण त्याबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही, हे मी अजून विसरलेलो नाही. एकदा ते पाणी प्यायला गेले असताना त्यांचं हिरवं निशाण मी सहज हातात घेतलं. लांबूनच ओरडले, "नंबरवाले, तुमी नंबर लिवा. ते खाली ठेवा." दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. त्यांच्या ते लक्षात आलं नाही, ती गोष्ट वेगळी.

त्यांचं पेटंट वाक्य म्हणजे "भिडव, पन आपटू नको." इंजिन चालवणाऱ्याला हेच, टेम्पो मागे घेणाऱ्याला हेच, कपाटाचं दार लावणाऱ्या बायकोलाही हेच. त्यांनी जोडलेल्या गाडीच्या गार्डाच्या डब्यात काठोकाठ भरलेला चहाचा ग्लास ठेवला तर थेंब सांडत नाही अशी ख्याती होती. एका नव्या गार्डाने परीक्षा घ्यायचं ठरवलं. ग्लास ठेवला, गाडी लागली, ग्लास जागच्या जागी. गार्ड इतका खूश झाला की सांगायला खिडकीतून वाकला आणि त्याच्या कोपराने ग्लास उपडा झाला. घरतमास्तरांनी त्याच्या ओल्या पँटकडे पाहिलं आणि म्हणाले, "हा तुमचा धक्का. आमचा नाय."

दुसरं वेड लाकडी ठोकळ्यांचं. उभा केलेला डबा आपोआप घरंगळू नये म्हणून चाकांखाली लाकडी ठोकळे लावतात. मास्तरांच्या पिशवीत असे दोन छोटे ठोकळे कायम असत, स्वतः तासून केलेले. चाक दिसलं की ठोकळा लागलाच पाहिजे. कॉलनीतल्या स्कूटरी, भाजीवाल्याची गाडी, दवाखान्यातली चाकाची खुर्ची, काही सुटलं नाही. आमच्या शेजारणीचं नातवंड पांगुळगाडा घेऊन व्हरांड्यात फिरत होतं. मास्तर तिथून गेले आणि दहा मिनिटांनी पोराने भोकाड पसरलं. गाड्याच्या दोन्ही चाकांना ठोकळे. शेजारीण तणतणत आली तर हे शांतपणे म्हणाले, "जिना जवल हाय. गाडी लावली ना, की ठोकला. मंग ती हलत नाय."

कॉलनीच्या शेडमधल्या स्कूटरीही तेच लावत. रोज संध्याकाळी सगळ्या स्कूटरी काढून, सकाळी ज्याची पाळी आधी त्याची गाडी पुढे, अशा रांगेने पुन्हा लावायच्या. सांगितलं कुणी नव्हतं. कुणाची पाळी कधी हे त्यांना पाठ. हे फार सोयीचं होतं, एक दिवस सोडून. तिकीट खिडकीवरच्या सावंतबाईंनी आदल्या दिवशी नळावर कुणाला तरी सांगितलं की उद्या मी रजा टाकते. ते यांनी ऐकलं. बाईंची गाडी भिंतीला, तिच्यापुढे सात गाड्या. सकाळी बाईंचा विचार बदलला. बाई शेडमध्ये उभ्या राहून जे बोलल्या ते मी इथे लिहीत नाही. मास्तरांनी सातही गाड्या काढल्या, बाईंची बाहेर दिली, सात पुन्हा लावल्या. शेवटी एवढंच म्हणाले, "फेरबदल हाय तर आदी कलवायचा ना, बाय."

आता त्या सिग्नलचं सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. यार्डात हात वर-खाली हलवला तर त्याचा अर्थ माझ्यापासून लांब जा. हात आडवा, या कुशीकडून त्या कुशीकडे हलवला तर माझ्याकडे ये. आपल्या घरी नेमकं उलटं चालतं. आपण पाहुण्याला "या, या" म्हणताना हात वर-खालीच करतो. मी त्या पहिल्या दिवशी खिडकीतून हात आडवा हलवला होता हे माझं नशीब, नाहीतर मास्तर उपाशी परत गेले असते.

त्यांच्या लग्नाची गोष्ट ते स्वतः सांगत. नोकरी नवीन लागलेली, नियम नुकतेच घोटलेले, आणि मुलगी पाहायला खाडीकाठच्या एका गावी गेले. घराभोवती मिठागरं. हे वीस पावलांवर थांबले. बरोबरची मंडळी पुढे निघून गेली. मुलीच्या काकाने ओट्यावरून हात वर-खाली करत "या, या" केलं. हे मागे सरकले. काकाने आणखी जोरात केलं. हे आणखी मागे. तिसऱ्या खेपेला हे मिठागरात, गुडघाभर पाण्यात. तेव्हा खिडकीतून पाहणारी मुलगी दारात आली आणि "नाय, नाय, तिकडं नाय," म्हणत तिने दोन्ही हात जोरजोरात आडवे हलवले.

"मंग काय," मास्तर म्हणत, "बरोबर सिग्नल मिलाला. मी सरल तिच्याकडं."

ही गोष्ट कितपत खरी ते देव जाणे. हिरावहिनींना विचारलं तर त्या पदर तोंडाला लावून हसत आणि म्हणत, "पँट मीच धुतली हुती, एवढं खरं."

हिरावहिनी म्हणजे मास्तरांच्या घरचा सिग्नल. पाळी संपवून ते क्वार्टरसमोर वीस पावलांवर उभे राहिले की वहिनी गॅलरीत येत आणि हातात असेल त्या वस्तूने इशारा करत. कधी उलथनं, कधी ओला टॉवेल. एकदा अर्धा साफ केलेला बोंबील होता. हात मात्र आडवाच. चुकून कधी वर-खाली नाही. मुलाचं, निलेशचं लग्न झालं आणि तो नवीन पनवेलला फ्लॅट घेऊन राहायला गेला. तेव्हापासून दर रविवारी दोघं तिकडे जात. आधी वहिनी लिफ्टने वर जाणार, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत येणार, खाली वॉचमनच्या खोपटापाशी उभ्या नवऱ्याला हात दाखवणार, मग हे वर. निलेशची बायको श्वेता डोंबिवलीची, बँकेत नोकरीला. बिचारीला वाटे की सासऱ्यांना लिफ्टची भीती आहे, म्हणून ते मागून जिन्याने येतात.

मग वहिनी गेल्या. पोटात दुखतं म्हणून दवाखान्यात नेल्या आणि पंधरा दिवसांत सगळं संपलं. मास्तर रडले नाहीत, निदान आमच्यासमोर नाही. तेराव्यानंतर कामावर आले, गाड्या तशाच लागत राहिल्या. संध्याकाळी क्वार्टरसमोर मात्र वीस पावलांवर उभे राहिलेले मी पाहिले. गॅलरी रिकामी. दोन-तीन मिनिटं गेली. मग खिशातून किल्ली काढून ते स्वतःच पुढे गेले. रोज हेच. माझी बायको म्हणाली, "मी हात करू का इथून?" मी नको म्हणालो. मला ते बरं दिसलं नसतं असं वाटलं. चूक केली की काय, असं आजही वाटतं.

पुढच्या वर्षी मास्तर निवृत्त व्हायचे होते आणि क्वार्टर सोडावं लागणार होतं. निलेश म्हणत होता, आमच्याकडे चला. मास्तर म्हणत होते, गावाला जातो. गाव नेऱ्याच्या पुढे, डोंगराखाली. तिथे वडिलांचं दोन खोल्यांचं घर, कित्येक वर्षं बंद. भाऊबंद जागा विकून कधीच पांगलेले. शेजारी म्हणायला मुंबईकरांची फार्महाउसं, शनिवारी उघडणारी आणि सोमवारी मिटणारी. तिथे हा माणूस एकटा काय करणार, ह्या विचाराने मला अस्वस्थ व्हायचं.

एका रविवारी मी चष्मा आणायला नवीन पनवेलला गेलो होतो. निलेशच्या इमारतीवरून येताना बघतो तर वॉचमनच्या खोपटापाशी मास्तर उभे. इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी, नजर दुसऱ्या मजल्यावर. मी पलीकडच्या पानाच्या टपरीआड थांबलो. असं लपून बघणं वाईट, पण नंबर लिहिणाऱ्याला बघत राहायची सवय असते. दहा मिनिटं झाली. मास्तरांनी पिशवी वॉचमनकडे दिली आणि ते रिक्षा स्टँडकडे चालू लागले.

मी वॉचमनला गाठलं. तो म्हणाला, "ये अंकल हर इतवार आते हैं. थैली देते हैं, जाते हैं. ऊपर नहीं जाते." पिशवीत सुका जवळा होता, वाल होते आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली चार अंडी होती.

दुसऱ्या दिवशी यार्डात मी विषय काढला. उगाच आडवळणं घेणं मला जमत नाही. म्हणालो, "मास्तर, मुलाच्या दारातून परत का येता?"

बंदराची गाडी लागायला अजून वेळ होता. "सिग्नल नसतो," ते म्हणाले.

"अहो, मुलाचं घर आहे ते. निलेश रोज बोलावतोय तुम्हाला."

"निलेश बोलवतो. तो माजाच पोर हाय, तो बोलवनारच. पन घर तिचं हाय, नंबरवाले. चूल तिची. हिरा होती तवा हिरा आदी जायची, बघून घ्यायची. आता मी सरल जाऊन भिडलो आनि तिला धक्का बसला तर? तिनं बोलावलं पायजे. तिनं एक दिवस बी नाय बोलावलं."

मी वही उघडली आणि नसलेल्या गाडीचे नंबर बघत बसलो.

निवृत्तीच्या दिवशी शाल, नारळ, हार झाला. साहेबांनी लांबलचक भाषण केलं. मास्तरांना दोन शब्द बोला म्हणाले. मास्तर उठले, म्हणाले, "भिडवा, पन आपटू नका," आणि बसले. टाळ्या वाजायला वेळ लागला, कारण हे भाषण होतं हेच कुणाच्या लक्षात आलं नाही.

क्वार्टर सोडायचा दिवस आला. सकाळी टेम्पो बोलावला होता. निलेशला सुट्टी मिळाली नव्हती म्हणून मदतीला मी. मदत म्हणजे उभं राहणं, कारण मास्तर कुणाला सामानाला हात लावू देईनात. एकेक वस्तू स्वतः चढवत होते. मी सवयीने बघत होतो, काय आधी चढलं, काय नंतर. सगळ्यांत आत गेली त्यांची पत्र्याची ट्रंक, वळकटी, स्टोव्ह आणि चाकांची निळी बॅग, जी श्वेताने त्यांना दिवाळीला दिली होती. मग एक रिकामी जागा सोडून हिरावहिनींचं शिलाई मशीन, टीव्ही, पितळेची भांडी, आणि सगळ्यांत शेवटी, अगदी दाराशी, देवांचा डबा.

जे आधी उतरायचं ते शेवटी चढवायचं. हा हिशेब मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मशीन, भांडी, देव नवीन पनवेलला उतरणार होते. ट्रंक, स्टोव्ह आणि घरतमास्तर तिथे उतरणार नव्हते.

"पहिले निलेशकडं," त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं. "मंग नेऱ्याला."

मी स्कूटरला किक मारली आणि टेम्पोच्या पुढे निघालो. टेम्पोच्या दाराशी ठेवलेला देवांचा डबा मी उचलून घेतला होता, पायांमध्ये धरला होता. देव पुढे नेतो, असं निमित्त ड्रायव्हरला सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच मास्तरांनी लावलेल्या गाडीतून मी त्यांना न विचारता काही काढलं.

श्वेता बँकेतून रजा घेऊन घरी होती, तिनेच दार उघडलं. हात पिठाने माखलेले. डबा घेता घेता म्हणाली, "बाबा वर येतील का हो काका? का खालूनच जातील?"

"तुला काय वाटतं?"

तिने डबा ओट्यावर ठेवला. "मला वाटतं, त्यांना मी आवडत नाही. आई असताना तरी यायचे. आता दर रविवारी पिशवी येते वॉचमनकडून. मी इथे स्वयंपाक करून बसलेली असते आणि पिशवी येते. निलेश म्हणतो, बाबांना एकटं राहायला आवडतं, तू आग्रह करू नकोस. म्हणून मी काही बोलले नाही." मग म्हणाली, "आतली खोली रिकामी केलीय मी. निलेशलाही माहीत नाही. आज तो कामावर गेल्यावर कपाट हलवलं."

खाली टेम्पोचा हॉर्न वाजला. मला घाई झाली आणि घाईत माणूस अर्धवट बोलतो. म्हणालो, "श्वेता, गॅलरीत जा. ते खाली खोपटापाशी उभे असतील. त्यांना हात करून बोलाव. तू बोलाव, दुसरं कुणी नको. बाकीचं मग सांगतो." आणि जिना उतरून पळालो. हात कसा करायचा, हे सांगायला विसरलो. एवढ्या वर्षांत यार्डात काय शिकलो म्हणायचं मी.

खाली टेम्पो फाटकातून आत गेला होता. मास्तर मात्र खोपटापाशी उतरले होते आणि तिथेच उभे होते. पिशवी खाली, शर्ट ओढून सारखा केलेला. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.

श्वेता गॅलरीत आली. पिठाचा उजवा हात वर केला आणि हलवू लागली. वर-खाली. चांगला जोरात, मनापासून. "बाबा, या. या ना वर," ती म्हणत होती.

मी डोळे मिटून घेतले. यार्डात याला काय म्हणतात ते तुम्हाला सांगितलंच आहे. मास्तर मागे सरकतात की काय, म्हणून मी डोळे किलकिले करून त्यांच्या पायांकडे पाहिलं.

पाय हलले नव्हते. मास्तर मान वर करून त्या हाताकडे बघत होते. तिचा हात दुखला असेल, तिने डावा वर केला. तोही वर-खालीच. पीठ उडत होतं.

मग मास्तरांनी पिशवी उचलली आणि चालू लागले. पुढे. हळूहळू, एकेक पाऊल मोजून टाकत, त्या हातावरची नजर न काढता. बत्तीस वर्षांत ज्या माणसाने चुकीच्या सिग्नलवर इंजिन बोटभर हलू दिलं नाही, तो माणूस चालत फाटकातून आत गेला.

नंतर सगळा टेम्पो रिकामा करावा लागला, कारण ट्रंक सगळ्यांत आत होती. मशीन, भांडी, टीव्ही खाली उतरवून आवारात रांगेत लावलं, मग ट्रंक, वळकटी, स्टोव्ह निघाले. ड्रायव्हर कुरकुरत होता की नेऱ्याचं काय. मास्तर म्हणाले, "फेरबदल हाय." स्टोव्ह त्यांनी वॉचमनला देऊन टाकला.

वर आतल्या खोलीत मी निळी बॅग नेऊन ठेवली. भिंतीवर कपाटाच्या मागचा चौकोन अजून वेगळ्या रंगाचा दिसत होता. मास्तर खोलीत आले, खाली बसले आणि पिशवीतून दोन्ही ठोकळे काढून त्यांनी बॅगेच्या चाकांना लावले, एक पुढून, एक मागून. श्वेता पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती.

"हे कशाला, बाबा?"

"आता हिला हलायचं नाय ना, मनून," ते म्हणाले.

श्वेताने तांब्या खाली ठेवला आणि पोळ्या करपतील म्हणत ती आत गेली. पोळ्या अजून तव्यावर टाकलेल्याच नव्हत्या, हे मी येताना पाहिलं होतं.

मी निघालो तेव्हा मास्तर मला पोचवायला खाली आले. फाटकाबाहेर, खोपटापाशी, बरोबर त्या जागेवर थांबले. इकडेतिकडे पाहिलं, माझा दंड धरला आणि हलक्या आवाजात म्हणाले, "नंबरवाले, मगाचा सिग्नल चुकीचा होता."

"पाहिलं मी."

"मी पुढं गेलो. यार्डात कोनाला सांगू नका."

नाही सांगत म्हणालो, आणि सांगितलं नाही. आता यार्डात त्यांना ओळखणारं कुणी उरलेलं नाही, मीही केव्हाच निवृत्त झालो, म्हणून आज लिहितोय. त्या दिवशी स्कूटर सुरू व्हायला बराच वेळ लागला, आणि वळणावर जाऊन मी एकदा मागे पाहिलं. मास्तर वरच्या गॅलरीत पोचले होते आणि पिठाने माखलेला सुनेचा हात मनगटाला धरून तिला दाखवत होते, असा नाही, असा. आडवा.